ताओर्मिनाची तालीम

किस्से कुणी मुद्दाम जमवत नसतं. घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. एकात एक कोंबलेले असतात आणि एखाद्या दिवशी कपाटाचं दार उघडावं तर सगळे एकदम अंगावर! परवा कोर्टात माझ्या ज्युनिअरने विचारलं, "मॅडम, तुमचा तो इटलीचा प्लॅन ठरला कसा?" एवढंच विचारलं बिचारीने. तिचा डबा खाऊन झाला, आमची केस पुकारली गेली, तरी मी आपली पहिल्या रविवारावरच. तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढावं. निदान ऐकणाऱ्याचं जेवण तरी नीट होईल.

आमचं हैदराबादचं हौशी मराठी नाटक मंडळ. एके काळी चांगलं पंचवीस-तीस जणांचं होतं. मग मुलं अमेरिकेला गेली, म्हातारी माणसं त्याहून लांब गेली, आणि शेवटच्या प्रयोगाला अशी वेळ आली की खुर्च्यांवर बसलेल्यांपेक्षा स्टेजवर वाकून नमस्कार करणारे जास्त! तेव्हा नाटकं थांबली. रविवारची तालीम मात्र आम्ही थांबवली नाही. बरकतपुऱ्यात मालतीताईंच्या फ्लॅटवर आम्ही पाच जण अजूनही जमतो. कशाची तालीम, ते विचारायचं नाही.

*

सुरुवात देऊळगावकर सरांनी केली. सर आमचे दिग्दर्शक. कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झाले, पण त्यांचं शिकवणं काही रिटायर झालं नाही. त्या रविवारी मोबाइल समोर धरूनच आत आले. फोटोत एक डोंगर, डोंगराच्या कडेला बिलगलेलं जुनं गाव, खाली निळाशार समुद्र, आणि गावाच्या टोकाला दगडी पायऱ्यांचं अर्धगोल नाट्यगृह.

"ताओर्मिना," सर म्हणाले. "इटलीत, सिसिली बेटावर. ग्रीकांनी वसवलं, रोमनांनी वाढवलं, मग अरब चढून आले, मग नॉर्मन चढून आले..."

"एवढे सगळे चढले म्हणजे चढ फार नसणार," विलास म्हणाला.

विलासचं दिलसुखनगरला साड्यांचं दुकान आहे. आमच्या मंडळाचा कायमचा नायक. केस गेले, पोट आलं, पण नायकपद सोडायला गडी तयार नाही.

सर म्हणाले, "आपण तीन-तीन दिवस खपून सेट उभा करायचो आणि प्रयोग संपला की पाडून टेम्पोत भरायचो. हे बघा. दोन हजार वर्षं झाली, सेट अजून उभा आहे! एकदा तिथे जाऊन उभं राहायचं. बस्स."

मी लगेच हो म्हटलं. मी वकील आहे, तारीख मागून घेणं मला जमतं. विलासने दसरा-दिवाळीच्या गर्दीआधीचा सप्टेंबर सांगितला. आणि मग चहाचे कप गोळा करता करता, अगदी सहज, मालतीताई म्हणाल्या, "मीपण येईन."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो!

कारण सांगते. मालतीताई शाळेत शिक्षिका होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक निखिल बंगलोरला असतो, त्याला तीन वर्षांची जुळी मुलं. आजवर ताईंनी प्रवास कमी केला नाही. पण कुणाचं बाळंतपण, कुणाची मुंज, कुणाचं ऑपरेशन, नाहीतर कुणाची कामवाली पळाली. काम नसताना, कुणी बोलावलेलं नसताना ही बाई कुठे गेली, असं एकदाही झालेलं नाही. आधी चार वेळा आमच्याबरोबर सहलीला यायचं ठरवलं आणि चारही वेळा ऐनवेळी बंगलोरची गाडी पकडली.

"या वेळी नक्की?" मी विचारलं.

"वकीलबाई, मला एकदा अशा गावाला जायचंय, जिथे माझी कुणाला गरज नाही," ताई म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या.

*

आता आमच्या मंडळाचा एक नियम सांगायला हवा. फार पूर्वी ऐन प्रयोगाच्या दिवशी नायकाला कांजिण्या आल्या आणि हॉलभर लोकांना परत पाठवावं लागलं. तेव्हापासून सरांनी नियम केला: भूमिका कुणाचीही असो, तिला एक बदली पाहिजे. ज्याला येता येणार नाही, त्याच्या जागी बदलीने जायचं. त्याने सगळे संवाद पाठ करायचे, सगळ्या तालमींना यायचं आणि विंगेत तयार उभं राहायचं.

आमचे कायमचे बदली म्हणजे भास्करकाका. सिकंदराबादला रेल्वेत होते. लग्न केलं नाही, पुतण्याच्या घरी राहतात, आणि पुतण्याची तिन्ही पोरं त्यांच्याच खांद्यावर वाढली. तीस वर्षांत काकांनी प्रत्येक नाटकातली प्रत्येक भूमिका पाठ केली. पण आमच्या मंडळाची तब्येत एवढी ठणठणीत, की एकदाही कुणी आजारी पडलं नाही!

म्हणजे एकदा पडलं होतं. विलासला सणकून ताप भरला, डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलं. काकांनी मेकअप केला, कोट चढवला, विंगेत उभे राहिले. तिसरी घंटा वाजली आणि विलास रिक्षातून उतरला, अंगावरच्या ब्लँकेटसकट!

"काका, सरका," म्हणाला.

काका सरकले. प्रयोग संपेपर्यंत विंगेतच थांबले आणि मग मेकअप न पुसता बसने सिकंदराबादला निघाले. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "क्या साब, कौनसा पार्ट किये?"

काका म्हणाले, "हीरो."

ही गोष्ट काकांनीच आम्हाला हसत हसत सांगितली. आम्हीही हसलो. विलास तेवढा हसला नाही.

*

तर इटलीलाही बदली हवाच, असं सरांनी जाहीर केलं. डोंगरावरच्या त्या गावात जे घर मिळत होतं त्यात दोन खोल्या आणि चार खाटा. एकीत मी आणि मालतीताई, दुसरीत सर आणि विलास. भास्करकाका बदली. कुणाचे, ते सर बोलले नाहीत, पण सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला गेले.

"माझेच," मालतीताई म्हणाल्या. "बघता काय असे? मला ठाऊक नाही का?"

मला ते बरं वाटेना. मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, "काका, तुम्ही पाचवे म्हणून चला की सरळ. एक खाट आपण टाकून घेऊ."

काका म्हणाले, "पाचवा म्हणजे फुकटचा झालो ना वकीलबाई. कुणाची तरी जागा असली तर मजा आहे."

आणि काका कामाला लागले. पासपोर्ट काढला, बूट घेतले. तालमीला ताईंच्या शेजारी बसायला लागले. ताई चालताना कुठे थांबतात, थंडीत शाल घेतात का स्वेटर, उशी एक लागते का दोन, सगळं विचारून घेतलं. एके दिवशी चहा आला तर म्हणाले, "मला बिनसाखरेचा."

"कधीपासून?"

"ताई घेतात ना."

विलासने कपाळावर हात मारला. "काका, तुम्ही ताईंच्या जागी जाणार आहात. ताई बनून नाही!"

*

सरांचं म्हणणं, न बघितलेल्या जागेचीसुद्धा तालीम करता येते. त्यांनी मालतीताईंच्या हॉलमध्ये खडूने ताओर्मिना आखलं. सोफा म्हणजे ज्वालामुखी, शोकेस म्हणजे नाट्यगृह, देवघराच्या बाजूने मुख्य रस्ता. बाल्कनी म्हणजे समुद्र. बाल्कनीत कपडे वाळत घालायला ताई निघाल्या की सर ओरडायचे, "ताई, पाण्यात!"

पण खरा प्रश्न पायऱ्यांचा होता. त्या गावात जिथे बघाल तिथे पायऱ्या. म्हणून सरांनी लिफ्ट बंद केली. लिफ्ट चालू होती, आमच्यासाठी बंद. प्रत्येकाने भरलेली बॅग घेऊन तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढायचं, दहा मिनिटं आकाश बघायचं आणि उतरायचं. विलास पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर बॅगेवरच बसला आणि म्हणाला, "नॉर्मन लोक बॅगा घेऊन आले नव्हते." मालतीताई मात्र गुडघ्याला पट्टा बांधून, कठड्याला धरून, सावकाश पण न थांबता वर. गच्चीवर पोचल्या की तोंड असं फुलायचं त्यांचं, की बघत राहावं!

तिसऱ्या रविवारी समोरच्या अनसूयाम्मांनी दार उघडलं. आम्ही चौघं घामाघूम, हातात सुटकेसी, आणि मागून भास्करकाका, बदली म्हणून मोकळ्या हाताने.

"क्या हुआ अंडी? लिफ्ट खराब है क्या?" त्यांच्या तेलुगूत 'अंडी' म्हणजे 'अहो'.

"नै अम्मा, चालू है," विलास धापा टाकत म्हणाला.

"फिर किधर जारैं सामान लेके?"

"इटली."

अनसूयाम्मांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा वर गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याकडे.

"चलके?"

*

व्हिसाचीही तालीम झाली. ती नसती झाली तर बरं झालं असतं.

सरांनी प्रवेश बसवला. मी व्हिसा सेंटरची मुलगी. पहिले सर, मग मालतीताई, मग विलास. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. महिनाभर घासून घासून असं झालं की एकाचं वाक्य संपलं की दुसऱ्याच्या तोंडून आपोआप पुढचं बाहेर पडावं. सर खूश. "आता झोपेतून उठवलं तरी चुकणार नाही," म्हणाले.

प्रत्यक्षात काउंटरवरच्या मुलीने पहिलं नाव पुकारलं ते विलासचं.

विलास उभा राहिला. पण त्याच्या आधीची वाक्यंच झाली नव्हती! तिने इंग्रजीत विचारलं, कशासाठी जाताय. विलास तिच्याकडे बघतोय. मग मागे वळून सरांकडे बघतोय. खुर्चीवर बसलेल्या सरांनी सवयीने दबक्या आवाजात वाक्य दिलं. हॉलमधले सगळे वळून बघायला लागले.

"सर, प्लीज डोन्ट हेल्प हिम," मुलगी म्हणाली.

आता विलास घाबरला. तिने पुढचा प्रश्न केला, "हैदराबादमध्ये घरी कोण कोण असतं?" आणि विलासच्या डोक्यात महिनाभर याच प्रश्नानंतर जे उत्तर ऐकू यायचं, ते त्याच्या तोंडून खणखणीत आवाजात बाहेर पडलं.

"आय अॅम अ विडो. माय सन इज इन बंगलोर."

मुलीने हातातलं पेन खाली ठेवलं. मागच्या रांगेतून भास्करकाका पुटपुटले, "दिलसुखनगर, साडी शॉप, वाइफ अँड टू डॉटर्स." पाठ सगळ्यांचं होतं त्यांना.

शेवटी मी उठले, ओळख दिली, आम्ही नाटकवाले आहोत असं सांगितलं. पोरगी भली होती. हसू दाबत म्हणाली, "मॅडम, मी पंधरा मिनिटं ब्रेक घेते. तोपर्यंत त्यांना त्यांचा नवरा... सॉरी, त्यांची बायको आठवू दे."

व्हिसा पाचही जणांना मिळाला. विलासच्या बायकोने मात्र त्याच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. जिवंत असताना विसरला म्हणून!

*

आमचं सगळं बुकिंग श्रावणी नावाच्या ट्रॅव्हल एजंटने केलं. दिलसुखनगरला विलासच्या दुकानाच्या वरच तिचं ऑफिस आहे. घराच्या मालकीणबाई ताओर्मिनातच राहतात. त्यांना इटालियनशिवाय काही येत नाही, आणि चावी कुठे मिळणार हे तर विचारायलाच हवं. श्रावणीने व्हिडिओ कॉल लावला. मोबाइलवरचा भाषांतर करणारा बाबा काहीतरी भलतंच बोलत होता. चावी विचारली की मासळीबाजाराचं सांगायचा. श्रावणी वैतागली. "परवालेदु मॅडम, असू दे, मी मेल टाकते," म्हणाली.

तेवढ्यात मालतीताईंनी फोन आपल्याकडे घेतला आणि सरळ मराठीत सुरू झाल्या!

"नमस्कार. मी मालती. बऱ्या आहात ना?"

पलीकडून इटालियनचा धबधबा. इकडून मराठी. हात तिचेही हलताहेत, यांचेही हलताहेत. ती काय दाखवत होती, या कशावर मान हलवत होत्या, देव जाणे. चांगली वीस मिनिटं चाललं. मध्ये एकदा दोघींनी पदराला डोळे पुसले. म्हणजे तिने रुमालाला.

फोन ठेवल्यावर आम्ही सगळे पुढे सरकलो. "काय म्हणाली?"

"तिचा डावा गुडघा, माझा उजवा," ताई म्हणाल्या. "यजमान समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. मुलगा मिलानला. फोन रविवारचा."

"आणि चावी?"

"अगबाई, चावी!"

पण त्या कॉलमधली एक गोष्ट मला दिसली होती. बाईने बोटांनी लहान मुलांची उंची दाखवून काहीतरी विचारलं होतं. मुलं बरोबर आणणार का, असंच असणार. तेव्हा मालतीताईंनी एक बोट वर केलं होतं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "मी. एकटी." मग पुन्हा, जरा मोठ्याने, "एकटी!" एवढ्या आनंदाने हा शब्द बोललेला मी तरी कधी ऐकला नव्हता.

*

हे सगळं चाललेलं असताना निखिलला पत्ताच नव्हता! ताईंनी त्याला सांगितलंच नव्हतं. "सांगीन, सांगीन" करत ऑगस्ट उजाडला. मग मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, "ताई, तुम्ही काय गुन्हा करताय? फोन करा आणि सांगा."

"सांगितलं की तो म्हणेल, आई, त्याच वेळी नेमकी अडचण आहे."

"मग नाही म्हणायचं!"

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना सर्कशीत झोका घ्यायला सांगितलं होतं.

सर म्हणाले, "तालीम करू."

त्या रविवारी फक्त एका शब्दाची तालीम झाली. मी निखिल झाले. "आई, सप्टेंबरमध्ये येशील ना?"

"नाही रे... बघते."

"'बघते' काढा," सर म्हणाले. "पुन्हा."

"आई, येशील ना?"

"नाही. म्हणजे बघते."

"ताई, खाली बघू नका. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. पोटातून आवाज काढा."

"नाही बाळा. बघते."

'बघते' काही केल्या जाईना. शेवटी विलास निखिल झाला. तो पडला नायक. त्याने एकदम सूरच लावला, "आई! तुझ्या पोटच्या पोराला नाही म्हणशील? तू आई आहेस का कोण?"

"नाही!" मालतीताई कडाडल्या. "नाही येणार! मी माझ्या मैत्रिणीबरोबर डोंगरावर जाणार आहे, समुद्र बघणार आहे, आणि सकाळी मला कुणी उठवायचं नाही!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. सर तर उभे राहिले. भास्करकाकांनी शिट्टी मारली, आणि ताईंनी खरंच 'नाही' म्हटलं तर आपलं इटलीला जाणं गेलं, हे त्यांनाही कळत होतं. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. निखिल.

"हॅलो... हो बाळा... सप्टेंबर ना? बघते हं."

*

आता शेवटचं सांगते आणि थांबते.

निघायच्या आधीचा रविवार. मालतीताईंची नवी सुटकेस हॉलमध्ये भरून उभी होती. फोनवर एकदाचं त्यांनी निखिलला सांगून टाकलं होतं. त्यावर तो फक्त "बरं" म्हणाला होता. ताई दोन दिवस त्या "बरं"चा अर्थ लावत बसल्या होत्या. आम्ही पासपोर्ट बघून घेत होतो, आणि बेल वाजली.

दारात निखिल. अंगावर चुरगळलेला शर्ट, दाढी वाढलेली, डोळे लाल.

मला आधी रागच आला त्याचा. आला हा आईला न्यायला, असंच मनात आलं. पण तो सोफ्यावर बसला आणि पोराचा चेहरा बघून राग टिकेना. सांभाळणारी बाई न सांगता गेली होती. पूजाला, म्हणजे त्याच्या बायकोला, ऑफिसने तीन आठवडे पुण्याला पाठवलं होतं. तिची बढती त्यावर अडलेली. पूजाची आई आजारी. दोन्ही मुलांना ताप येऊन गेलेला, आत्ता शेजाऱ्यांकडे ठेवून तो रातोरात आला होता.

"आई, मी बोलणार नव्हतो," निखिल म्हणाला. "खरंच नव्हतो. फोनवर म्हणवलंच नाही. पण मला कळतच नाहीये, काय करू. मला झोप नाही गं."

मालतीताई त्याच्याजवळ जाऊन बसल्या. त्याच्या केसांतून हात फिरवला. मग उठल्या, सुटकेस आडवी केली, उघडली, आणि वरचा स्वेटर काढून बाजूला ठेवला. मग शाल काढली. मग ते नवे बूट.

सर भिंतीकडे बघत होते. विलासने हळूच भास्करकाकांच्या पाठीवर हात ठेवला. "काका," म्हणाला, "आता तुम्ही." त्यात चेष्टा नव्हती. तीस वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी काकांना जागा करून देत होतं.

खिशातून काकांनी आपला पासपोर्ट काढला, उघडला, त्यातला व्हिसा जरा वेळ बघितला. चांगला बराच वेळ बघितला. ताईंची पाठ आमच्याकडे होती, त्या बुटांच्या नाड्या बांधून ठेवत होत्या.

मग काका माझ्याकडे वळले.

"वकीलबाई, मंडळाच्या नियमाचं एक विचारायचंय."

"विचारा काका."

"मालतीताईंना जिथे जाता येणार नाही, तिथे त्यांच्या जागी मी जायचं. बरोबर?"

"बरोबर."

"कुठे, ते नियमात म्हटलंय?"

मी सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे बघत होते. ताईंचे हात थांबले होते.

"नाही," मी म्हटलं. "कुठे, ते म्हटलेलं नाही."

काकांनी पासपोर्ट परत खिशात घातला, उठले आणि निखिलच्या शेजारी जाऊन बसले.

"हां, निखिल," ते म्हणाले. "दोघांत जास्त रडतो कोण? त्याच्यापासून सुरुवात करू."